आमच्या भागात अणुऊर्जा प्रकल्प येणार अशी चर्चा आहे. स्थानिकांनी रोजगारासाठी पाठिंबा द्यावा की पर्यावरणासाठी विरोध करावा?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, वरिलवाडा, निवेली, करेल आणि मिठगवाणे या गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन घेतली, त्यात आमच्या घराण्याचीही गेली. या प्रश्नावरून आमच्या भावकीत बोलणं बंद झालं, म्हणून लिहितोय.

पर्यावरण म्हणजे झाडं आणि पक्षी असं धरून तुम्ही विचारताय असं वाटतं. आमच्याकडचं भांडण पैसा कोणाच्या हातात पडतो आणि नुकसान कोणाच्या दारात येतं, यावरून झालं.

२०१३ च्या सुरुवातीला सरकारने भरपाई वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केली. त्याआधी चेक घेणारे मोजकेच होते. त्या वर्षी शिमग्याला माझा थोरला चुलतभाऊ मुंबईहून आला तो फाईल घेऊनच: उतारे, वारसांचे कागद, सगळं. कोकणातला सातबारा कसा असतो ते माहीत असेलच. पणजोबांपासूनची नावं, वारलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची, ज्यांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही अशांचीही. ओटीवर सतरंजी घालून सगळे बसले. दादा एकेक नाव वाचत होता, हिस्सा काढत होता, सही राहिली असेल तिथे पेन्सिलीने फुली मारत होता. ज्यांनी त्या कातळावर कधी पाऊल ठेवलं नाही त्यांचेही हिस्से निघाले. तो त्यांचा हक्कच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तेवढ्यात मासळीवाली मावशी आली. खाडीपलीकडच्या साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावातली. आईकडे तिचं कित्येक वर्षांचं येणं-जाणं. पाटी उतरवून पायरीवर बसली, कागदांकडे बघत राहिली आणि विचारलं, यात आमच्या लोकांची नावं कुठे आहेत? दादा म्हणाला, "मावशी, तुमची जमीन गेलेली नाही." ती काही बोलली नाही. आईने घेतलेल्या मासळीचे पैसे कनवटीला लावून निघून गेली.

मी तिथेच दादाशी भांडलो. जमीन गेली नव्हती हे खरं, पण तिचा मुलगा होडीवर खलाशी. समुद्राचा सातबारा निघत नाही. इथे मुळात १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या होत्या, एकूण ९९०० मेगावॉट. त्या थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि गरम झालेलं परत समुद्रात सोडायचं, ही कामाची पद्धतच आहे. त्याने मासळी किती सरकेल, सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना किती पट्टा बंद होईल, हे प्रश्न नाट्याच्या लोकांनी किती वेळा विचारले! एप्रिल २०११ मध्ये त्याच गावात प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. बर्फाच्या कारखान्यातला कामगार, जाळी विणणारे, मासे सुकवणाऱ्या बायका, आमच्या बाजूला कातळावर गुरं चारणारे, आंब्याच्या बागेतले राखणदार, यांपैकी कोणाचंही नाव दादाच्या फाईलमध्ये नव्हतं.

दादाचं ठरलेलं उत्तर असं की तुमच्यासारख्यांमुळे कोकण कायम मनीऑर्डरवर जगणार. मला हे फार लागतं, कारण गावात तरुण उरत नाहीत हे मीच रोज बघतो. पण नोकऱ्या नीट मोजा. बांधकाम चालू असताना हजारो माणसं लागतात, आणि त्यातली बरीचशी ठेकेदार बाहेरून टोळ्यांनी आणतो. कायमच्या तांत्रिक जागा देशभरातून भरतात. गावाच्या वाट्याला येतं ते मुख्यतः गेटवरचं, कॅन्टीनचं, साफसफाईचं, गाडीवरचं काम, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते आहे. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली आणि पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षं हायकोर्टात चालला. पाठिंब्याचं ठरवण्याआधी एकदा तिकडे जाऊन या. अधिकाऱ्यांना भेटू नका, पुनर्वसनाच्या वसाहतीत जाऊन बसा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नुसत्या आश्वासनावर पाठिंबा देऊ नका. ग्रामसभेत लेखी मागा की कायमच्या जागा किती, कोणत्या ट्रेडच्या, आणि त्यासाठी आयटीआयचं प्रशिक्षण कोण, कधी देणार. पर्यावरण अहवाल पूर्ण मराठीत मागा आणि तो वाचायला पुरेसा वेळ मागा. अपघात झाला तर भरपाई कोण देणार हेही विचारा. २०१० च्या कायद्यात प्रकल्प चालवणाऱ्याची जबाबदारी १५०० कोटी रुपयांवर थांबवली होती. उत्तरं मिळाली नाहीत तर विरोध करा, आणि उघडपणे करा.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. अणुवीज तयार होताना कोळशासारखा धूर आणि राख होत नाही, म्हणून ही वीज कुठेच नको असं मी म्हणणार नाही. आणि ज्यांनी चेक घेतले त्यांना गद्दार म्हणणंही मला पटत नाही. जमीन कागदोपत्री सरकारकडे आधीच गेली होती, कुणाला घर शाकारायचं होतं, कुणाला मुलीची फी भरायची होती. जैतापूरला अजून एकाही अणुभट्टीचं बांधकाम सुरू झालेलं नाही, त्यामुळे दादाने सांगितलेल्या नोकऱ्या आल्या नाहीत आणि नाट्याच्या लोकांची धास्तीही गेलेली नाही.

तुमच्याकडे बाधितांची यादी बनेल तेव्हा ती फक्त खातेदारांची होऊ देऊ नका. खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, गुराखी, कुळं यांची वेगळी यादी गावानेच करा, ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि पोच घ्या. माझ्या दादासारखं कोणी म्हणालं की यांची जमीन कुठे गेली आहे, तर समुद्रावर जगणाऱ्याने जमीन दाखवायची कुठून, हे त्यालाच सगळ्यांसमोर विचारा.