यू७ दुर्मिळ खरं, पण कुणाच्या गावात?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लाळेची डीएनए चाचणी केली, मातृवंश, म्हणजे आई-आजी-पणजीच्या ओळीची शाखा, 'यू७ए' निघाला (यू७ या शाखेचा एक फाटा). कंपनीने त्यावर 'दुर्मिळ' असा शिक्का मारला आणि नकाशात इराणवर एक जांभळा गोल काढून दिला. तेव्हापासून मामा म्हणतायत 'आपण मूळचे इराणी', आणि सासरी चेष्टा चाललीय 'म्हणजे तुम्ही पारशी की काय!' माहेर रावपुऱ्यातलं, घराणं गायकवाडांच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून बडोद्याला आलेलं. मग हे यू७ साताऱ्याचं, इराणचं की गुजरातचं?

साताऱ्याचं प्रकरण आधी मिटवू. घराणं साताऱ्याचं ते तुमच्या वडिलांचं. मातृवंश ज्यावरून ठरतो तो मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा) डीएनए फक्त आईकडून येतो, वडिलांचा त्यात काडीचाही वाटा नसतो. मामांचं आडनावसुद्धा इथे कामाचं नाही, कारण ते त्यांच्या वडिलांकडून आलं. ओळ चालते ती तुम्ही, आई, आईची आई, तिची आई, अशी. प्रत्येक पायरीला आडनाव बदलतं आणि बहुतेक वेळा गावही. दहा पिढ्या मागे गेलात की कागदावर १,०२४ पूर्वज होतात. ही चाचणी त्यातल्या एकाच बाईबद्दल बोलते.

आणि नेमकी तीच बाई आपल्याकडे कुठेच लिहिलेली नसते. कुलवृत्तांत काढा, त्यात मुली 'अमक्यांस दिली' इथे संपतात. श्राद्धाचा संकल्प आठवा. आई, वडिलांची आई, आजोबांची आई अशा तिघी येतात. मग आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, सगळे सपत्नीक. इतक्या नावांत तुमच्या यू७च्या ओळीतल्या बायका दोनच, आई आणि आईची आई. बाकीच्या कुणाच्या ना कुणाच्या सुना. त्यात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायची आपली पद्धत, म्हणजे पणजीचं माहेरचं नाव शोधायला गेलात तर आडनाव तर गेलंच, नावही गेलं.

मला माझ्या ओळीची एक पायरी सापडली ती भांड्यांमुळे. आईकडे एक पितळी तपेली आहे, वर्षानुवर्षं त्यात विरजण लावायची. कल्हई करून आणली तेव्हा काठाखाली टोचलेली अक्षरं नीट दिसली. पणजीचं नाव, 'आईकडून', 'पेण', शके १८४७. तोवर आम्ही सगळे आजोळ म्हणजे पुणे समजत होतो, कारण आजोबा पुण्याचे. माझी मातृओळ निदान पेणपर्यंत जाते हे कुठल्याही लॅबने सांगितलं नाही, त्या तपेलीने सांगितलं. (माझा हॅप्लोग्रुप, म्हणजे मातृवंशाची शाखा, एम२ निघाला. भारतातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक, आणि इथे भरपूर सापडणारा. खरं सांगतो, त्या दिवशी जरा हिरमुसलो होतो. आपल्यालाही काहीतरी 'दुर्मिळ' निघायला हवं होतं असं वाटलं. आता हसू येतं.)

आता यू७. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांचं एक कडं. आईकडून मुलाला जाताना त्याची नक्कल होते आणि फार क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या लेकींच्या लेकींत तशीच उतरते. त्यावरूनच शाखा ओळखतात. डीएनएची अक्षरं चारच, 'ए', 'टी', 'जी' आणि 'सी'. यू७च्या खुणांपैकी एक म्हणजे १६३१८ व्या जागी 'ए'चा 'टी' झालेला. तुमच्या अहवालात कच्ची माहिती उतरवून घ्यायची सोय असेल तर उघडून बघा, तिथे ते 'टी' दिसेल. असला बदल मुळात कमी होतो. नेहमीची अदलाबदल 'ए'ची 'जी'शी किंवा 'सी'ची 'टी'शी.

दुर्मिळपणाबद्दल कंपनी खोटं बोलत नाही, फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकांकडे बघून बोलते. तिथे युरोप-अमेरिकेची माणसं जास्त, आणि युरोपात यू७ खरोखरच नगण्य आहे. नॉर्वेत ओसेबर्ग इथे इ.स. ८३४ मध्ये एका जहाजासकट दोन बायकांना पुरलं होतं. त्यातल्या एकीचा मातृवंश यू७ निघाल्याची नोंद आली, तेव्हा हिचे पूर्वज काळ्या समुद्राकडचे की काय, अशी चर्चा झाली, इतका तो तिकडे परका. पण २००४ साली मायत मेत्स्पालू आणि सहकाऱ्यांनी भारत-इराणच्या मातृवंशांचा मोठा अभ्यास छापला, त्यात यू७चं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं? गुजरातमध्ये. १२ टक्क्यांच्या वर. पंजाब आणि इराण दोन्ही ९च्या आसपास. तिथून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलात की ते झपाट्याने विरळ होतं. म्हणजे ज्याला कंपनी दुर्मिळ म्हणते ते बडोद्याच्या मांडवीत शेव-उसळच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या आठ-दहा जणांत एकाकडे असू शकेल.

हे आलं कुठून? २०१७ साली हॉवहान्नेस साहाक्यान आणि सहकाऱ्यांचं काम आलं, नुसत्या यू७वर. २६७ नवीन आणि १०० आधीचे पूर्ण अनुक्रम, म्हणजे अख्खं कडं वाचलेले नमुने, त्यांनी एकत्र तपासले. मला त्यात सगळ्यात चकित करणारी गोष्ट वाटली ती वयाची. यू७ ज्या मोठ्या शाखेतून फुटली त्या 'यू'च्या बहुतेक पोटशाखा ३० हजार वर्षांपेक्षा जुन्या. आजच्या सगळ्या यू७वाल्यांची सामाईक आजी मात्र फक्त १६ ते १९ हजार वर्षांपूर्वीची. खोड जुनं, फांद्या अलीकडच्या. माड बघा, तसं. उंचच उंच उघडं खोड आणि मग एकदम वर झावळ्या. मधल्या हजारो वर्षांत फुटलेल्या बाकीच्या ओळी कुठेतरी लेकींवाचून संपल्या आणि एकच उरली. ती पसरायला लागली तो काळ शेवटच्या हिमयुगाची थंडी ओसरण्याचा. त्या थंडीच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. इराणचं आखात कोरडं होतं आणि आपलं खंभातचं आखातही जमीनच होतं. आजचा नकाशा डोक्यात ठेवून या प्रवासाचा विचार करू नका.

त्या अभ्यासात पसरण्याचे दोन टप्पे दिसतात, दोन्ही मध्यपूर्वेच्या बाजूने निघालेले. पहिला दक्षिण आशियाकडे, सुमारे साडेअकरा हजार वर्षांच्याही आधी सुरू झालेला. दुसरा भूमध्य समुद्राकाठच्या युरोपाकडे, सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी, शेती पसरत होती तेव्हा. तुमच्या फाट्याची भारतातली वस्ती पहिल्या टप्प्याशी जुळते.

आता मामांना आणि सासरच्यांना एकदमच उत्तर देता येईल. पारशी मंडळी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरली ती गेल्या तेराशे वर्षांतली गोष्ट. स्टेप प्रदेशातून (युरोप-आशियातल्या गवताळ मैदानांतून), म्हणजे ज्याला लोक 'आर्य' म्हणून भांडतात तिकडून, माणसं आली ती साधारण इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान. यू७ या दोन्हींच्या हजारो वर्षं आधी इकडे यायला लागलं होतं. तेव्हा इराण नावाचा देश नव्हता, फारसी नव्हती, मराठी-गुजरातीचा तर प्रश्नच नाही. जाती, गोत्रं, वेदशाखा यांतलं काहीही नव्हतं. त्यामुळे 'आमच्या पोटजातीचं मूळ इराणात' हे सिद्ध करायला कुणी तुमचा अहवाल मागितला तर देऊ नका. असले दावे मी इतके वाचलेत की आता वादातही पडत नाही.

दुर्मिळ मातृवंशावरून ठाम काही सांगता येतच नाही असंही नाही. गोव्याचं उदाहरण आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली इराणातल्या शिराझमध्ये मारली गेली, धर्म बदलायला नकार दिला म्हणून. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी जुन्या गोव्यात आणून ठेवला. तिथल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत मिळालेल्या हाडाचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तपासला, तो यू१बी ('यू'चाच दुसरा एक फाटा) निघाला. भारतातल्या २२ हजारांहून जास्त नमुन्यांत यू१बी एकही नव्हता. तपासलेल्या ३० जॉर्जियन लोकांत मात्र दोघांकडे तो सापडला. तिथे 'दुर्मिळ' या शब्दाला वजन आलं, कारण हाड कुठे असायला हवं हे जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलंच होतं. डीएनएने कागदाला दुजोरा दिला. तुमच्याकडे तो कागद नाही, आणि यू७ गुजरातेत भरपूर आहे. म्हणून नुसत्या 'यू७ए'वरून आजीच्या आजीचं गाव निघणार नाही.

मग करायचं काय? पहिलं, आईची किंवा सख्ख्या मावशीची हीच चाचणी करून पैसे घालवू नका, तेच उत्तर येईल. मामांचंही यू७एच येईल, पण त्यांच्या मुलांकडे मामींचं जाईल. दुसरं, कंपनीने कड्याच्या मोजक्याच जागा वाचल्या असतील तर पूर्ण १६,५६९ अक्षरं वाचून घेणारी चाचणी एकदाच करा. त्यात 'यू७ए'च्या पुढचे आकडे-अक्षरं मिळतात, आणि खरी जवळीक त्या पुढच्या फाट्यांत कळते.

तिसरं काम बिनपैशाचं, आणि माझ्या मते पहिलं तेच करा. बडोद्यातल्या मराठी घरांत सुना कोकणातून, देशावरून, इंदूर-ग्वाल्हेरहून आल्या, तशा दांडिया बाजारातल्या दोन गल्ल्या ओलांडूनही आल्या. तुमच्या आजीची आई यांतली कुठली, हे सांगणारी माणसं थोडीच उरली असतील. आईची थोरली मावशी अजून आहे म्हणालात, तिच्याकडे जा. 'आपलं मूळ काय' असं विचारू नका, ती घराण्याची कथा सांगेल, म्हणजे पुन्हा पुरुषांचीच. 'तुझ्या आईला पहिल्या बाळंतपणाला कुठे नेलं होतं' असं विचारा, त्या काळी ते माहेरीच व्हायचं. आणि माळ्यावरची घंगाळं, तपेल्या, पराती चिंचेने घासून काठाखाली बघा. अक्षरं टोचलेली असली की फोटो इथे टाका. मोडीत असतील तर वाचून देणारे आपल्यात दोघेतिघे आहेत.