विणकामाच्या शंका : छातीला बसते, पण खांदे उतरतात

प्रश्न : मी गुहागरला राहते. इथल्या दमट हवेत लोकर अंगाला सोसत नाही, म्हणून लोकरीसाठी लिहिलेल्या नमुन्यावरून मी सुती दोऱ्याचा अर्ध्या बाहीचा टॉप विणला. माझी छाती १०४ सेंटीमीटर असल्याने त्याच मापाच्या सूचना घेतल्या. नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी दिल्या आहेत आणि विणताना माझी मोजणी तंतोतंत तेवढीच भरली होती. तरीही खांदे दंडावर उतरतात, मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, खोल होऊन काखेत विणीचा गोळा होतो आणि पुढची कड मात्र पाठीपेक्षा वर चढते. बाजूचे टाके कमी करून हे सुधारेल का?

उत्तर : बाजूचे टाके कमी केल्यास छातीवर आवळेल आणि खांदे आहेत तिथेच राहतील, म्हणून तसे करू नये. नमुन्यातले माप छातीवरून ठरते आणि छाती वाढली की त्याबरोबर खांदा व मुंढाही वाढवलेला असतो. माणसाच्या खांद्याची हाडे मात्र त्या हिशेबाने रुंदावत नाहीत. यासाठी फीत काखेतून, उभाराच्या वरून आडवी फिरवून माप घ्यावे आणि नमुन्यातला आकार त्या मापावरून निवडावा. छातीला लागणारी जास्तीची रुंदी नंतर फक्त पुढच्या भागात घालता येते, पण रुंद झालेला खांदा मागाहून अरुंद करणे फार जिकिरीचे असते.

समजा हे वरचे माप ९४ भरले आणि त्या आकाराचा तयार घेर, ६ सेंटीमीटर सैलपणा धरून, १०० आहे. आपल्या १०४ च्या छातीला ४ सेंटीमीटर सैलपणा पुरेसा मानला तर घेर १०८ हवा, म्हणजे ८ सेंटीमीटर कमी पडतात. १० सेंटीमीटरला २२ टाके या प्रमाणात ते सुमारे १८ टाके होतात. कमरेपासून वर विणताना पुढच्या भागाच्या दोन्ही कडांना दर ६ ओळींनी एकेक टाका वाढवत प्रत्येक बाजूला ९ टाके वाढवावेत, आणि मुंढ्याचा आकार देताना एकाआड एक ओळीत ते पुन्हा घटवावेत. पाठीला हात लावू नये.

पुढची कड वर चढते, कारण उभारावरून जाताना विणीला जास्त लांबी लागते आणि ती खालून ओढली जाते. खांद्याच्या शिवणीच्या जागेपासून उभारावरून कमरेपर्यंत आणि त्याच जागेपासून पाठीवरून कमरेपर्यंत, अशी दोन मापे घ्यावीत. त्यांतला फरक ४ सेंटीमीटर असेल, तर पुढच्या भागाच्या मध्यावर सुमारे १२ ओळी जास्त हव्यात. त्या अपुऱ्या ओळींनी मिळतात, ज्यांना बऱ्याच जणी शॉर्ट रो म्हणतात. काखेच्या थोडे खाली आल्यावर ओळ कडेपर्यंत न नेता ३ टाके आधीच थांबावे, पुढच्या टाक्याभोवती दोरा गुंडाळून वळावे आणि दुसऱ्या कडेलाही तसेच करावे. दर खेपेला आणखी ३ टाके आधी वळत प्रत्येक बाजूला अशी ६ वळणे घ्यावीत. शेवटचे वळण उभाराच्या टोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे संपले पाहिजे, नाहीतर तिथे टोक उठून दिसते. नंतरच्या पूर्ण ओळीत गुंडाळलेला दोरा टाक्यासोबत विणून घेतल्यास भोके राहत नाहीत. कडेच्या ओळी पाठीइतक्याच राहिल्यामुळे बाजूची शिवणही बरोबर जुळते.

खोल मुंढ्याचे दुसरे कारण दोरा आहे. लोकर ताणली तरी पुन्हा आखडते. सुती दोरा जड असतो, त्याला तसा लवचीकपणा नसतो आणि तो स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. आपण मोजणी केली हे उत्तमच झाले, परंतु सुती विणीची मोजणी धुतलेल्या तुकड्यावरच करावी. तुकडा धुऊन, वाळवून, खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि मगच ओळी मोजाव्यात. समजा ३० ऐवजी २८ ओळी भरल्या, तर नमुन्यातला ६० ओळींचा, २० सेंटीमीटरचा मुंढा अंगावर जवळजवळ साडेएकवीस सेंटीमीटर होतो. निवडलेल्या लहान आकाराचा मुंढा १८ सेंटीमीटर असेल, तर या मोजणीने ५० ओळी पुरतात. बाहीही त्याच लहान आकाराची घ्यावी. दंड जाड असल्यास तेवढी रुंदी बाहीत वाढवावी.

आता विणलेल्या टॉपविषयी. पाठ आणि पुढचा भाग दोन्ही उसवावेत, असे मी मनापासून सांगते. इतकी मेहनत उसवताना जीव कळवळतो हे मला ठाऊक आहे, पण अर्धवट दुरुस्तीने ही वीण बसणार नाही. उसवलेल्या दोऱ्याच्या लडी करून, धुऊन, पूर्ण सुकवून मगच विणायला घ्यावे, कारण वळ्या पडलेला दोरा मोजणी चुकवतो. खांदे जोडताना शिवणीच्या आतून सुती पट्टी किंवा क्रोशाची घट्ट साखळी घालावी, म्हणजे बाहीच्या वजनाने खांदा ताणला जाणार नाही. तयार टॉप दोरीवर कधीही वाळत घालू नये. पावसाळ्यात आपल्याकडे जाड सुती वीण लवकर सुकत नाही आणि तितका वेळ ती लोंबत राहते. पडवीत बाजेवर जाळीचे कापड पसरून त्यावर ती आडवी ठेवावी आणि मधून मधून उलटावी, म्हणजे कुबट वासही धरणार नाही.