वाफ्यांसाठी आच्छादन किती घ्यावे?

प्रश्न: घरामागे प्रत्येकी 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद असे तीन वाफे आहेत. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून त्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालायचे आहे. पाला गोणीने विकत मिळतो. किती गोण्या घ्याव्यात?

उत्तर: तिन्ही वाफ्यांचे क्षेत्रफळ 120 चौरस फूट होते. थर 3 इंच, म्हणजे पाव फूट जाडीचा धरल्यास 30 घनफूट, अर्थात सुमारे 850 लिटर पाला लागेल. गोणीचा हिशेब वजनावर करू नये, कारण ओला पाला जड भरतो, पण त्यामुळे वाफा अधिक झाकला जात नाही. त्याऐवजी एक गोणी 20 लिटरच्या बादलीने मोजून पाहावी. तिच्यात चार बादल्या पाला निघाला, तर हिशेबाने 11 गोण्या पुरतात. मात्र सुका, अखंड पाला दोन-चार वेळा पाणी दिल्यावर बराच दबतो, म्हणून आम्ही 15 गोण्या सुचवू. उरलेला कंपोस्टच्या खड्ड्यात जातोच. खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा सततच्या ओलीने खोड कुजण्याची भीती असते.