टायर फुटला, क्लेम नाकारला: आता ‘देवाची करणी’ म्हणू नका

प्रश्न: मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना भर दुपारी माझ्या गाडीचा मागचा डावा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आपटली. मला फक्त खरचटलं, पण शेजारी बसलेल्या मेहुण्याचा पाय मोडला. गाडीच्या दुरुस्तीचं बिल ३ लाख ४० हजार झालं. पॉलिसी पॅकेज आहे (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि इतरांची भरपाई, दोन्ही असलेली), तरी विमा कंपनीने ‘जुन्या टायरची झीज व यांत्रिक बिघाड’ असं कारण देऊन क्लेम नाकारला. टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात माझा काय दोष? टायर कंपनीवर दावा लावता येईल का? खरं सांगायचं तर, आठवडाभर आधी पंक्चरवाल्याने त्या टायरला फुगा आलाय म्हणून सांगितलं होतं. हे कुठे सांगावं का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

टायरच्या बाजूला फुगा येतो तेव्हा आतले दोरे तुटलेले असतात आणि हवा बाहेरच्या रबराला ढकलत असते. बहुतेक वेळा खड्डा किंवा फुटपाथची कड जोरात लागल्याने असं होतं. त्याची दुरुस्ती नसते, टायर बदलावाच लागतो. अशा टायरवर मे महिन्यातलं ऊन, तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि तासाला शंभरच्या पुढचा वेग हे सगळं एकत्र आलं. त्यात हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि लवकर जातो. तेव्हा टायर कंपनीवरच्या दाव्याचं मनातून काढून टाका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे, पण दोष मुळातला होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. फुगा दिसूनही गाडी चालवली, एवढं कंपनीच्या वकिलाला पुरेसं आहे.

आता देवाची करणी. हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकालात काढला आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली ती नेमका तुमचाच मुद्दा घेऊन. न्यायालयाने सांगितलं, की ज्याला कुणीही माणूस जबाबदार नसतो अशी अकल्पित नैसर्गिक घटना म्हणजे देवाची करणी. टायर फुटणं त्यात बसत नाही. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी त्याची कारणं असतात, आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं हे चालक-मालकाचं काम आहे.

शिवाय हा मुद्दा तुम्हाला लागतच नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळवायला तुम्ही निर्दोष असावं लागत नाही. माणसाच्या हातून चूक होते म्हणून तर विमा घेतात. भांडण पॉलिसीच्या शब्दांवर आहे. झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेत, हे खरं. पण त्याच पॉलिसीत आणखी एक कलम असतं: फक्त टायरचं नुकसान भरून मिळणार नाही, मात्र त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळेल. म्हणजे टायर आणि गाडी एकाच अपघातात जाऊ शकतात हे कंपनीनेच गृहीत धरलंय. फुटलेल्या टायरचे पैसे वगळा म्हणावं, पण पत्रा आणि सस्पेन्शन मोडलं ते कठड्यावर आपटून. ती धडक हा अपघातच आहे. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

कंपनीच्या हातात एक बरं हत्यार आहे: गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट. फुग्याची गोष्ट इथे नडते. तरी ती लपवा असं मी सांगणार नाही. कुणी थेट विचारलं, किंवा प्रतिज्ञापत्रात तो मुद्दा आला, तर खरंच लिहा. खोटं विधान पकडलं गेलं तर असलेला क्लेमही जातो. अटीचा भंग ठरला तरी सगळंच बुडतं असं नाही. अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने अटीचा भंग असतानाही मान्य रकमेच्या ७५ टक्के द्यायला लावले होते. तुमच्या बाबतीत मला वास्तववादी आकडा त्याच्या आसपासचा वाटतो.

फुटलेला टायर कुठे आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गॅरेजवाले असे टायर भंगारात देऊन मोकळे होतात. आजच फोन करून तो ताब्यात घ्या. बाजूवरचा चार आकडी कोड (३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा), उरलेली नक्षी आणि फाटलेली जागा यांचे फोटो काढा. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी असा नियम आहे. ती असेल तर ‘झिजलेला टायर’ हा कंपनीचा शब्द तिथेच पडतो. सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा. तो अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलंय. ‘टायर फुटला’ हे तर आपल्याकडे कुठल्याही अपघातानंतर पहिलं वाक्य असतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर झालेल्या बस अपघातातही आधी तेच सांगितलं गेलं, आणि आरटीओच्या प्राथमिक अहवालाने ते नाकारलं. म्हणून टायर पुराव्याला हाताशी हवा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुदत नकारापासून एक वर्षाची. किंवा संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. मी आधी लोकपालाकडे गेलो असतो.

मेहुण्यांचं मात्र वेगळं आणि घाईचं आहे. पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीतल्या प्रवाशालाही विम्याचं संरक्षण असतं, त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणात त्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाई मागता येईल. त्या दाव्यात तुमची निष्काळजी हाच त्यांचा आधार असेल आणि तुम्ही प्रतिवादी असाल. वाईट वाटून घेऊ नका, पैसे विमा कंपनी देणार आहे. पाय मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, त्यामुळे तुमच्यावर गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. तो जामीनपात्र आहे. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्या भरवशावर राहू नका. त्यांचा वकील तुमच्याहून वेगळा असू द्या, आणि पोलिसांच्या नोंदीची प्रत दोघांनीही स्वतंत्रपणे काढून ठेवा.