टॅटू पूर्ण गेलाच नाही तर?

लेझरची इतकी सेशन्स झाली, पैसे गेले, वेदना सोसल्या, तरी टॅटू काही जात नाही, तो कधी पूर्ण जाईल का, असा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्वचेपुरते उत्तर त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यायचे असते. परंतु ‘तो जाईपर्यंत मी जगायचे कसे’ हा त्या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न मात्र समुपदेशनाचा असतो. एका तरुणीचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडते.

तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक नाव होते आणि त्याभोवती हिरवी वेल. ते नाते संपल्यावर तिने लेझर उपचार सुरू केले. सुरुवातीच्या सेशन्समध्ये नावाची काळी अक्षरे भराभर फिकट झाली, वेल मात्र जागची हलेना. ती म्हणाली, “मॅडम, नाव कुणालाच दिसत नाही, पण वेलीच्या मधली रिकामी जागा मला अजूनही तेच नाव वाचून दाखवते.” रोज सकाळी ती मनगटाचा फोटो काढायची, तो बोटांनी मोठा करून कालच्या फोटोशी ताडून पाहायची आणि फरक दिसला नाही की तिचा दिवस तिथेच बिघडायचा. पोहण्याचा वर्ग, मैत्रिणींबरोबरची सहल, नव्या नात्याचा विचार, या सगळ्यावर ‘टॅटू गेल्यावर’ असा शेरा पडलेला होता.

लेझर शाई जाळून टाकतो, अशी तिची समजूत होती, आणि म्हणून ती उरली याचा अर्थ आपल्याच शरीरात काहीतरी खोट आहे, असे तिने ठरवून टाकले होते. वास्तविक लेझरचा अतिसूक्ष्म काळाचा झोत शाईचे कण फक्त फोडतो. ते बारीक तुकडे उचलून लसिकावाहिन्यांमार्फत, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांमार्फत, वाहून नेण्याचे काम शरीराच्या भक्षक पेशी, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी, पुढचे अनेक आठवडे करीत राहतात. म्हणजे दोन सेशन्समधला जो काळ तिला वाया गेलेला वाटत होता, त्याच काळात खरे काम चालू असते. त्यातही एक भक्षक पेशी मेली की तिने सोडलेली शाई शेजारची नवी पेशी पुन्हा गिळते आणि रंग जागच्या जागी राहतो, हे २०१८ साली उंदरांवरील संशोधनात दिसून आले आहे. काळा रंग जवळपास सर्वच तरंगलांबींचा प्रकाश शोषतो. हिरव्याला मात्र साधारणपणे ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि काळ्यासाठी नेहमी वापरला जाणारा १०६४ नॅनोमीटरचा लेझर त्याच्यावर फारसा चालत नाही. इटलीत ३५२ जणांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा सेशन्सनंतर सुमारे ४७ टक्के आणि पंधरा सेशन्सनंतर सुमारे ७५ टक्के लोकांनाच यशस्वी परिणाम मिळाला होता. हे आकडे ऐकून ती खचेल अशी मला धास्ती होती, पण तिने सुटकेचा श्वास सोडला. “म्हणजे हे फक्त माझंच नाहीये,” एवढेच ती म्हणाली.

एका बाबतीत मात्र मी तिच्याशी स्पष्ट आणि काहीशा कठोर शब्दांत बोलले. उतावळेपणाच्या भरात तिने उपचार केंद्रात ‘पॉवर वाढवा, तारीख अलीकडची द्या’ असा आग्रह धरला होता आणि आम्लयुक्त क्रीम घरीच लावून पाहण्याचा विचारही तिच्या मनात घोळत होता. अशा घाईतून फोड येतात, व्रण राहतात, सावळ्या त्वचेवर पांढुरके डाग उमटतात, आणि व्रण पडलेल्या त्वचेतून शाई काढणे आणखी अवघड होते. हिरव्या रंगासाठी कोणता लेझर वापरला जात आहे, आतापर्यंत व्रण पडला आहे का, दोन सेशन्समधले अंतर वाढवल्याने फायदा होईल का आणि कोणत्या टप्प्यावर थांबणे शहाणपणाचे ठरेल, हे चार प्रश्न कागदावर लिहून तिने डॉक्टरांकडे न्यावेत, असे आम्ही ठरवले.

यानंतर आम्ही फोटोंकडे वळलो. रोजच्या फोटोऐवजी फक्त सेशनच्या आधी, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून एकच फोटो, आणि तुलना कालच्या फोटोशी नव्हे तर उपचारांपूर्वीच्या पहिल्या फोटोशी, असा नियम केला. हे वाटते तितके सोपे नव्हते. हात आपोआप फोनकडे जायचा. तेव्हा लगेच फोटो न काढता ती अस्वस्थता वहीत लिहून ठेवायची आणि ओसरेपर्यंत थांबायचे, हा सराव तिने चिकाटीने केला. मग ‘टॅटू गेल्यावर’च्या यादीतली सर्वांत सोपी गोष्ट निवडली: अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून कामावर जाणे. कुणी विचारले तर काय सांगायचे, या भीतीवर आम्ही एकच वाक्य बसवले, “जुना टॅटू आहे, काढून घेतेय.” आवाज खाली न जाता ते म्हणता येईपर्यंत तिने ते माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हटले. प्रत्यक्षात एका सहकारी महिलेने विचारले, उत्तर ऐकले आणि ती आपल्या कामाला लागली.

राहिली ती वेलीमधली रिकामी जागा. तिच्यावर कोणताही लेझर चालणार नव्हता, कारण तिथे शाई नव्हती. तिथे संपलेल्या नात्याचे दुःख होते आणि ‘मी एवढी मूर्ख कशी’ हा स्वतःवरचा राग होता. आमच्या भेटींचा बराचसा वेळ त्यातच गेला आणि तो जायलाच हवा होता, असे मला वाटते. एखाद्याचा दिवसाचा मोठा भाग आरशासमोर जात असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल किंवा त्वचा खरवडण्याची, स्वतःला इजा करण्याची इच्छा होत असेल, तर मात्र समुपदेशनाबरोबर मानसोपचारतज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी.

डॉक्टरांनी तिला प्रामाणिकपणे सांगितले की दुसऱ्या लेझरने वेल आणखी फिकट होऊ शकेल, पण त्वचा पूर्ववत होण्याची हमी देता येणार नाही. उरलेली हिरवट छटा मेकअपने झाकता येते, फिकट झालेल्या जागेवर नवे चित्रही काढता येते, हे पर्याय तिने ऐकून घेतले आणि सध्या कोणताच निवडला नाही. काही महिने उपचार थांबवून तिने पोहण्याच्या वर्गात नाव नोंदवले आहे. पुढचे सेशन घ्यायचे की नाही, हे ती त्यानंतर ठरवणार आहे.