पुस्तकातली सत्रं आणि बागेवरची शेड

"मॅडम, हे सगळं बाहेरच्या देशात बेतलेलं. आपल्या बायाबापड्यांना ते कसं चालायचं? आणि आपण त्यात फेरफार केला तर गुण येईल का?" मी आशाताईंचं, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचं, प्रशिक्षण घेते तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो.

त्यांचा रोख जागतिक आरोग्य संघटनेच्या 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस'कडे असतो. मनाचा ताण आणि उदासी बोलून हलकी करण्याची ही पुस्तिका २०१६ साली आली. साधारण दीड तासाची पाच सत्रं, आठवड्याला एक. त्यांत चार गोष्टी शिकवतात: श्वास संथ करून ताण उतरवणं, अडचण सोडवण्याच्या पायऱ्या, थांबलेली कामं पुन्हा सुरू करणं आणि जवळच्या माणसांचा आधार घेणं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसालाही प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर हे करता यावं, अशी तिची बांधणी आहे. पेशावर आणि नैरोबीत तिच्या चाचण्या झाल्या, उपयोगही दिसला. पण पेशावर म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातलं पेठ नव्हे, हे आशाताईंचं म्हणणं मला पटतं.

एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई सुरगाण्याकडची, पंचविशीतली. हंगामात नवरा, दीर, जाऊ यांच्यासोबत टोळीने दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेवर आलेली. थोरलं पोर गावी आईकडे. छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हातापायांत गोळे. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. टोळीने मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दीड तास निवांत बसणं शक्यच नव्हतं. बागेतून सुटल्यावर चूल, पाणी, धाकटं पोर. म्हणून एका सत्राचे दोन तुकडे केले, पाऊण-पाऊण तासाचे. वेळ कापली तरी चालते. मागच्या खेपेला ठरवलेलं जमलं का, हे विचारायला मात्र वेळ ठेवायचाच. सगळा जीव त्यात आहे.

पुस्तिका म्हणते, एकांतात बोला. इथे जाऊ उठायला तयार नव्हती, आणि शहरातून आलेल्या परक्या बाईजवळ धाकटीला एकटी का सोडावी, हा तिचा हिशेब चुकीचाही नव्हता. मी तिला बसू दिलं. श्वासाचा सराव दोघींनी मिळून केला, डोळे उघडे ठेवून, पोटावर हात ठेवून. डोळे मिटायला लावलं की भगताचं काहीतरी चाललंय असं वाटतं, हे जावेनेच सांगितलं. भगताकडून बांधून घेतलेला दोरा सोडायला मी सांगितलं नाही. त्याने जिवाला अपाय होत नसेल, दवाखाना बंद होत नसेल, तर आपण त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

एक प्रश्न मात्र जाऊ पाण्याला गेल्यावरच विचारला: "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं येतं का मनात?" पुष्कळ जणी सुचवतात की हे गाळावं, अशुभ आहे, नसतं डोक्यात भरेल. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालंय. शब्द बदला, वेळ बदला, पण प्रश्न गाळू नका. ती म्हणाली, येतं कधीकधी, पण पोरांकडे बघून जातं. काही ठरवलेलं नव्हतं. तरी माझी नजर गेली शेडच्या कोपऱ्याकडे. फवारणीच्या औषधाचे डबे झोपायच्या जागेपासून चार हातांवर. बागमालकांना मी तिच्याबद्दल अवाक्षर बोलले नाही. लहान पोरं आहेत, डबे कुलपात हलवा, एवढंच म्हटलं. त्याच संध्याकाळी हलले. पुस्तिकेत आपल्या शेडचं चित्र असणार नाही. ते आपणच बघायचं.

अडचणींची यादी करताना ती 'माझं' असं काही सांगेचना. सगळं आमचं, घराचं. मीही ओढाताण केली नाही. घराची म्हणून एकच अडचण धरली, उचलीचा हिशेब. उचल फेडणं आमच्या हातात नव्हतं. हिशेब मागणं होतं. कोण विचारेल, कधी, काय शब्दांत, हे नवरा-बायकोने मिळून ठरवलं. मुकादमाने आधी उडवून लावलं, मग वहीतला आकडा वाचून दाखवला. आकडा तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पण त्या रात्री झोपले, म्हणाली.

'आवडीची कामं' या भागात फिरायला जा, गाणी ऐका, अशी उदाहरणं दिली जातात. दिवसभर बागेत उभ्या राहिलेल्या बाईला फिरायला जा म्हणणं म्हणजे तिची थट्टा. तिने निवडलं ते असं: आतेबहिणीबरोबर एका चुलीवर नागलीच्या भाकरी थापायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी गावी रेंज असेल तेव्हा थोरल्याशी फोनवर बोलायचं.

आशाताईंना मी सांगते: वेळ, जागा, उदाहरणं, सोबतीला कोण, हे खुशाल बदला, पण त्या माणसांना विचारून बदला. ऐकण्याआधी सल्ला द्यायचा नाही, पायऱ्या गाळायच्या नाहीत, दोन भेटींमधला सराव सोडायचा नाही. आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीच्या 'आत्मीयता' उपक्रमात गावातलीच माणसं आधार द्यायला तयार केली होती, आणि फोनवर दाखवायच्या छोट्या फिल्म दिल्या होत्या. तेव्हा हे आपल्याकडे नवंही नाही.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. जीव देण्याचं ठरवलेलं असेल, भास होत असतील, दारू सुटत नसेल, तर सत्रांत अडकून न राहता जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावायचा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

हंगाम संपला तेव्हा धडधड कमी होती, उचल होतीच. शेवटची भेट राहून गेली. टोळी आधीच परतली. तिला विचारून ठेवलं होतं, त्यामुळे तिच्या पाड्यावरच्या आशाताईंना फोन केला. ती भेट त्यांनी घेतली, तिच्या बोलीत.