टेबल रिकामं दिसतं, तरी थांबायचं का?

प्रश्न : रविवारी ब्रंचला गेलो होतो. पाच-सहा टेबलं समोर रिकामी दिसत होती, तरी अर्धा तास दारात उभं ठेवलं. गर्दी दाखवण्यासाठी मुद्दाम असं करतात का?

काही जण करतही असतील, पण बहुतेक वेळा कारण किचनमध्ये असतं. ब्रंचचा मेन्यू पाहा: ऑम्लेट, पोच केलेली (कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेली) अंडी, पॅनकेक. सगळं ऐन वेळी करायचं. रात्रीच्या जेवणातला मंद आचेवर शिजवलेला पदार्थ दुपारीच तयार ठेवता येतो, ऑम्लेट नाही ठेवता येत. एका ऑम्लेटला तीन मिनिटं धरली, तर चार शेगड्यांवर पंधरा मिनिटांत वीसच होतात. साठ खुर्च्या एकदम भरल्या तर शेवटच्याची ताटली कधी येईल, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून दर पंधरा मिनिटांना ठरावीक माणसंच आत सोडतात. लगेच बसवलं असतं, तर तोच अर्धा तास टेबलावर पाण्याच्या ग्लासाकडे बघत काढावा लागला असता.

दुसरं कारण म्हणजे ते टेबल दुसऱ्याला दिलेलं असतं. बुकिंग घेताना दोघांना साधारण दीड तास आणि चौघांना दोन तास धरतात. साडेअकराला कुणी येणार असेल, तर अकराला ते टेबल तुम्हाला देऊन उपयोग नसतो. अशा वेळी ‘कधी मिळेल?’ असं विचारण्याऐवजी ‘आम्ही दोघंच आहोत, काउंटरवरही बसू’ असं सांगा. काउंटरच्या खुर्च्या बऱ्याचदा बुकिंगमध्ये धरलेल्या नसतात.

वेळ निवडायची तर दार उघडताच जा, नाहीतर पहिली फेरी उठेल तेव्हा. दहाला उघडत असेल तर दहा किंवा पावणेबारा. अकरा ही सगळ्यात वाईट वेळ: टेबलं भरलेली, उठायला कुणी तयार नाही आणि किचन ऑर्डरींखाली दबलेलं.

प्रश्न : एग्ज बेनेडिक्ट (पावावर पोच केलेली अंडी, वर हॉलंडेज सॉस) मागवलं. अंडी आतून गार होती, सॉसमधून तूप सुटल्यासारखं दिसत होतं आणि खालचा पाव ओला. परत पाठवणं बरं दिसतं का?

जरूर पाठवा, पण पहिल्या घासानंतर लगेच. अर्धी ताटली संपवून केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

हे तिन्ही दोष घाईचे आहेत. गर्दीच्या दिवशी अंडी आधीच पोच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम पाण्यात मिनिटभर सोडतात. या पद्धतीत काहीच गैर नाही. फक्त मिनिटाचे वीस सेकंद झाले की अंडं बाहेरून गरम आणि आतून गार राहतं. पाण्यातून काढल्यावर ते कापडावर किंवा कागदावर टिपायचं असतं. ते राहून गेलं की पाव भिजतो.

सॉसचं गणित जास्त नाजूक आहे. हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक, वितळलेलं लोणी आणि लिंबाचा रस. फार तापला, साधारण ७० अंशांच्या वर गेला, की बलक शिजून दाणेदार होतो. गार पडला की लोणी थिजतं आणि पुन्हा गरम करताना वेगळं होतं. त्यामुळे तो ५० ते ६० अंशांच्या आसपास सांभाळतात. यातला खालचा टप्पा जंतूंनाही मानवतो, म्हणून शिस्तीचं किचन थोडाथोडाच सॉस करतं आणि दोन तासांनी उरलेला टाकून देतं. दाणे दिसले तर सॉस जास्त तापला आहे आणि कडेला तेलकट कड सुटली तर तो फुटला आहे, असं समजा. गर्भवती, लहान मुलं, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अंडी पाश्चराइज केलेली आहेत का, हे विचारावं. खात्रीचं उत्तर मिळालं नाही, तर बलक पूर्ण शिजवलेली अंडी घ्यावीत, सॉस नको म्हणावं.

प्रश्न : आमच्यात एक जण शाकाहारी आणि एक अंडं न खाणारी आहे. ‘व्हेज’ लिहिलेलं पाहून मागवलं की पुरे ना?

पुरत नाही. अंडं ब्रंचच्या मेन्यूत कुठेही दडलेलं असतं: पॅनकेक आणि वॉफलच्या पिठात, ब्रिऑश बनमध्ये, क्रोसाँवर चकाकी यावी म्हणून लावलेल्या थरात, मेयोनेजमध्ये आणि बऱ्याचशा ताज्या पास्त्यातही. शाकाहाऱ्यांसाठी तीन ठिकाणं लक्षात ठेवा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा असतो. वूस्टरशर सॉसमध्येही बहुधा असतो, आणि तो सॉस ब्लडी मेरी या टोमॅटोच्या कॉकटेलमध्ये पडतो. अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, वापरूनच करतात. तसा त्याच्या मानांकनाचा नियमच आहे.

‘यात अंडं आहे का?’ या प्रश्नावर घाईतला वेटर अंदाजाने ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘पिठात, पावात किंवा सॉसमध्ये अंडं आहे का, जरा आत विचारून सांगाल?’ असं विचारा. त्याला आत जावंच लागतं. ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, तेही विचारा. त्याच तेलात कोळंबी तळली असेल, तर बटाट्याच्या फ्राइजही चालणार नाहीत.

प्रश्न : वडील श्रवणयंत्र वापरतात. नव्या रेस्टॉरंटमध्ये त्यांना आमचं बोलणंच कळत नाही. काय करावं?

उघड्या विटा, काँक्रीटची जमीन, काचेच्या भिंती, उंच छत, ना पडदा ना गालिचा: सध्याची ही सजावट आवाज शोषत नाही, परतवते. त्यात गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टराच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर मात करू पाहतं आणि तासाभरात सगळी खोली ओरडत असते.

म्हणून रात्री लवकरची वेळ घ्या. बुकिंग करताना कोपऱ्यातलं, गादीच्या बाकाचं टेबल मागा. बार, कॉफीची दळणी, स्पीकर आणि किचनचं दार यांपासून लांब. वडिलांचं यंत्र समोरचा आवाज उचलणारं असेल, तर त्यांची पाठ गोंगाटाकडे आणि तोंड तुमच्याकडे हवं. यंत्र लावत नसतील तर उलट, त्यांची पाठ भिंतीला लागू दे. गोल टेबल मिळालं तर उत्तम.

प्रश्न : वेटर वाइनचा घोटभर नमुना देतो. आवडली नाही तर बाटली परत करता येते?

नमुना आवडीनिवडीसाठी नसतो, बाटली खराब नाही ना हे पाहण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बुचातला दोष आहे. ती बाटली बदलून मागा. नुसती आंबट लागली म्हणून नाही. आवडीचं बोलणं बाटली उघडण्याआधी करायचं. ग्लासने घेणार असाल तर ‘बाटली कधी उघडली?’ एवढं विचारा. उघडल्याला चार-पाच दिवस झाले असतील, तर दुसरी निवडा.

प्रश्न : नऊ जणांचं डिनर ठरलं आहे. आधी काय विचारून ठेवावं?

बंद होण्याची वेळ नाही, शेवटच्या ऑर्डरची वेळ विचारा. किचन बरंच आधी थांबतं. टेबल किती वेळ आपलं आहे आणि उशीर झाला तर किती मिनिटं राखतात, हेही. बिल विभागायचं असेल तर पहिल्या ऑर्डरआधीच सांगा. शेवटी सांगितलंत तर एक-एक पदार्थ शोधून वेगळा करण्यात सगळ्यांचाच वेळ जातो. वाटून खायच्या ताटल्या तिघांत दोन या हिशेबाने मागवा, म्हणजे नऊ जणांना सहा, आणि एकदमच सांगा. तुकड्यातुकड्याने दिलेली ऑर्डर दर वेळी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते.